तापलेले ब्रेक आणि माझं इंग्रजी टिपण

मागच्या महिन्यात सईने फोनवर तिच्या मोटारसायकलचं चाक दाखवलं. मातीच्या टेकड्यांवरून गाडी उडवत न्यायची आणि त्याला खेळ म्हणायचं, अशी रीत ती राहते त्या देशात आहे. आमच्याकडे तसल्याच रस्त्यांवरून माणसं नोकरी करायची आणि त्याला फिरती म्हणायची. तर लांब उतारावर सईचे ब्रेक तापले, जळका वास आला, लिव्हर मऊ पडला. मग माझ्या उच्चशिक्षित नातीने बाटलीतलं पाणी तापलेल्या चकतीवर ओतलं. "चर्र झालं आजी! मस्त वाफ निघाली!" तिचा भाऊ ओम मागे उभा राहून दात काढत होता.

ब्रेकवर पाणी ओतणाऱ्यांशी माझं चाळीस वर्षांचं भांडण आहे. ते तुम्हा दोघांना नीट सांगावं म्हणून वही घेऊन बसले. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यातलंच काही मागितलं, म्हणून त्यांनाही देते आहे. इतर वाचकांनी माझ्या नातवंडांच्या मागे उभं राहून ऐकावं.

आधी एक दुरुस्ती. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलंय की आजी सरकारी अधिकारी होती. नव्हती. आजी सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये भांडारपाल होती. नटबोल्ट, केबल, ट्यूब, ब्रेक शू असलं सामान मोजून घ्यायचं, फळीवर नावाप्रमाणे लावायचं आणि मागेल त्याला सहीशिवाय द्यायचं नाही, हे माझं काम. माझे वडील मुदखेडला रेल्वेत होते. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं तेव्हा देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात इंग्रजीची डिक्शनरी आली. मी तिच्यासमोर बसूनच बी. ए. झाले. सगळं जागच्या जागी असलं की जग सुरळीत चालतं, असा माझा समज होता. तो कसा उतरला त्याचीच ही गोष्ट.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आजूबाजूच्या कार्यालयांनी त्याला मोठ्या मनाने मदत केली. ज्याला जे नको होतं ते त्याने देऊन टाकलं. आमच्या नांदेडच्या वर्कशॉपने एक डुगडुगणारं टेबल, हवा न धरणारा पंप, युसूफमियाँ आणि मी, एवढं दिलं. मी का नको होते ते वर आलंच आहे. युसूफमियाँ मेकॅनिक होते आणि त्यांना खरं बोलायची खोड होती. गाडी घेऊन आलेल्या साहेबाला ते तोंडावर सांगायचे, "गाडी एकदम ठीक है साब. चलानेवाला रिपेर करना पडेगा."

ते अकरा वर्षं रोजंदारीवर होते. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघणार, जुन्या रोजंदारांना कायम करणार, अशी हवा होती. यादी तयार होत होती आणि तीत त्यांचं नाव तिसरं होतं. मी विचारलं, कायम झाल्यावर पहिलं काय करणार? ते म्हणाले, "बीमार पडूंगा, बाई. अकरा साल में एक दिन बीमार नै पडा. रोजंदारी में परवडताच नै."

जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. जागोजाग कामं निघाली, पाझर तलाव, कच्चे रस्ते, खडी फोडणं. त्यांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियर मंडळींना अकरा मोटारसायकली मिळाल्या. गाड्या शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी घडवलेल्या, रस्ते बैलांनाही नको वाटावेत असे. गाड्यांबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. ते वाचू शकणारी कार्यालयात मी एकटी, आणि चाक खोलू शकणारे युसूफमियाँ एकटे. मग दुपारी जेवणानंतर मी पुस्तक वाचून मराठीत सांगायची आणि ते चाक खोलून दाखवायचे. पुष्कळदा पुस्तक आणि चाक यांचं पटायचं. न पटलं तर युसूफमियाँ म्हणायचे, "किताब बडी चीज है. पर किताबकू बास नै आती." त्यांना वास यायचा. गाडी फाटकातून आत येतानाच ते सांगायचे, हिचा क्लच जळालाय, हिचा ब्रेक.

आता ब्रेक म्हणजे काय ते ऐका. तुमच्या गाड्यांना चकती असते, आमच्या गाड्यांना ड्रम होते. चाकाच्या मधोमध लोखंडी डबा, त्यात चंद्रकोरीसारखे दोन शू, आणि शूच्या पाठीवर लायनर नावाचा जाड पट्टा. ब्रेक दाबला की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. म्हणजे गाडीचा सगळा वेग घासून घासून उष्णता होतो आणि ती उष्णता त्या डब्यात कोंडते. थोडी असेल तर वाऱ्यावर निघून जाते. उतारभर पाय ब्रेकवर ठेवून बसलात तर लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, शू मागे ओढणारी स्प्रिंग ढिली पडते, आसाजवळचं ग्रीस वितळून आत उतरतं. मग ब्रेक दाबा की देवाचं नाव घ्या, फरक पडत नाही.

म्हणून उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये हवी, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेक तापलाच तर लगेच करकचून थांबू नका. सपाटीवर हळूहळू चालवत न्या, वारा त्याचं काम करतो. पूर्ण गार झाल्यावरच खोला. आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका. आम्ही फुंकत होतो, त्या धुळीत फुप्फुसं खाणारं अ‍ॅस्बेस्टॉस असतं ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चकाकणारा लायनर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. ड्रमवर निळे डाग दिसले तर समजा की तो फार तापला होता, मग बोट फिरवून भेग शोधा. स्प्रिंग ताणून बघा. तुमच्या चकतीच्या ब्रेकमध्ये तेल भरलेली नळी असते, ते तेल उकळलं की लिव्हर मऊ पडतो. सई, ते बदलून घे. आणि तापलेल्या लोखंडावर पाणी नको, कारण ते एका बाजूने आक्रसतं आणि वाकडं होतं, नाहीतर तडकतं.

हे सगळं मी अकराही ओव्हरसियरना टंकलिखित करून दिलं होतं. दहा जणांनी घडी घालून खिशात ठेवलं. अकरावे बिराजदार. त्यांनी त्यात भजी बांधून आणली, हे मी स्वतः पाहिलं.

बिराजदार देहाने भरभक्कम आणि मनाने काटकसरी. चाकूरच्या पलीकडे एका पाझर तलावाचं काम त्यांच्याकडे होतं आणि तिथे जायला दगडमातीचा लांब उतार होता. तो उतार ते इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलला टाकून उतरायचे. पेट्रोल वाचतं म्हणे. म्हणजे गाडी, बिराजदार आणि मागे बांधलेली मोजणीची टेप-साखळी, एवढा सगळा भार एकट्या ब्रेकवर.

एक दिवस ते आले. "म्याडम, तुमचा ब्रेक धडधड करून राहिलाय. पाय ठिवला की पायच उडवतो."

युसूफमियाँनी ड्रम खोलला. आरपार भेग होती.

"पानी डाले क्या साब?"

"मग काय करावं? धूर निघायला लागला की हो!" आणि मग त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. कामावर माती वाहणाऱ्या बायकांना पाणी द्यायला गिरजाबाई म्हणून म्हातारी होती. टँकर दिवसाआड यायचा. बिराजदारांनी तिच्याकडची भरलेली घागर मागितली.

म्हातारी म्हणाली, "सायेब, गाडी लई तहानलेली दिसून राहिली. पण हे बायांचं दुपारचं पाणी हाय."

"एका घागरीनं मरता का काय?"

"आमी न्हाई मरत, सायेब. आमाला सवय हाय. गाडीला न्हाई. घ्या."

बिराजदारांना हा विनोद वाटला. आम्ही दोघं हसलो नाही, तेव्हा ते म्हणाले, "लवकर करा बरं." आणि खुर्चीत बसले. नवा ड्रम आणि नवे शू मागवायला लागणार होते. ते यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊनपुसून, तेल लावून मांडतात. हळदकुंकू वाहतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. त्यातच आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी वर्कशॉप बघायला येतो म्हणून कळवलं. युसूफमियाँ तीन दिवस नांदेडला घरी गेले होते. मी आमच्या नामदेव शिपायाला सांगितलं, "पूजा तुमची तुम्ही करा. साफसफाई मी करून घेते." हे सांगताना मला आपण किती शहाण्या आहोत असं वाटत होतं, ते अजून आठवतं. लोक पान्ह्याला कुंकू लावतात, मी पुस्तकाप्रमाणे वागते! पुस्तकात लिहिलं होतं, साठ्यातल्या लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवावा, म्हणजे गंज चढत नाही. शू लोखंडाचे होते. त्यांच्या पाठीवर लायनर होता, पण लायनरसाठी वेगळं वाक्य मी त्या पानावर पाहिलं नाही. नामदेवने सगळ्या फळ्यांवर फडकं फिरवलं आणि मी मागून बोट लावून तपासलं. आदल्याच दिवशी आलेला बिराजदारांचा ड्रम, त्याचे शू आणि बाकीचे आठ जोड नव्या भांड्यांसारखे चकाकत होते.

साहेब म्हणाले, "भांडार असावं तर असं."

नामदेवच्या हळदकुंकवाने कशाचंही काही बिघडलं नाही, ही नोंद इथे करायला हवी.

युसूफमियाँ परतले आणि बिराजदारांची गाडी घेतली. शू हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला.

"बाई, इसकू तेल की बास है."

"कंपनीच्या पॅकिंगची असेल."

"किताब में है ऐसा?"

मी म्हणाले, "हो." पुस्तक उघडून पाहिलं नाही. त्यांनी फडक्याने शू कोरडा केला, लायनर घासला, बसवला, अंगणात चार फेऱ्या मारल्या. ब्रेक धरत होता. नाकावर विश्वास ठेवणारा माणूस त्या एका दिवशी माझ्या इंग्रजीवर विसंबला.

गार असताना तो ब्रेक धरणारच होता. पण लायनर स्पंजासारखा तेल पितो, आणि तापला की प्यालेलं तेल वर आणतो. बिराजदार नेहमीप्रमाणे इंजिन बंद करून उतारावर लागले आणि अर्ध्या वाटेवर ब्रेक सुटला. खाली बायका माती टाकत होत्या. त्या ओरडत बाजूला पळाल्या आणि बिराजदार तलावाच्या बांधाच्या भुसभुशीत मातीत गाडीसकट रुतले. त्या बांधाचा त्या वर्षी झालेला हा एकमेव उपयोग. हात मोडला, जीव वाचला. हातात प्लास्टर घालून त्यांनी तक्रार लिहून दिली: मेकॅनिक युसूफ याचा निष्काळजीपणा.

गाडी ओढून आणली. चाक खोललं तेव्हा मी शेजारी उभी होते. लायनर काळा, ओला, बोटाला चिकटणारा. युसूफमियाँ उठून माझ्या भांडारात गेले, फळीवरचा दुसरा जोड उचलून वास घेतला, ठेवला, तिसरा घेतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, किताब में सच्ची ऐसा लिखा था क्या?"

मी पुस्तक आणलं. ब्रेकचं प्रकरण वेगळं होतं, मागे, शेवटाकडे. लायनरला तेलाचा थेंबही लागू देऊ नये, असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

साहेबांनी माझ्याकडून टिपण मागवलं. त्याच आठवड्यात कायम करायच्या माणसांची यादी औरंगाबादला जायची होती, म्हणजे त्या टिपणावर काय अवलंबून आहे ते मला स्वच्छ माहीत होतं. मी खरं लिहायचं ठरवलं आणि ते इंग्रजीत लिहायचं ठरवलं. दीड पान झालं. लायनरचा गुणधर्म, तेलाचा गुणधर्म, उष्णतेचा परिणाम, सगळं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त त्या दीड पानात मी कुठेच नव्हते.

साहेबांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, मधल्या मजकुरावरून चष्मा फिरवला. "भाषा फार छान आहे तुमची. सारांश काय?"

"मेकॅनिकचा दोष दिसत नाही, सर."

"मग कोणाचा दिसतो?"

आता बोलायचं होतं. तुमचे बाबा तेव्हा बालवाडीत होते, आजोबांची नोकरी सुटली होती, असं बरंच काही त्या क्षणी डोक्यात आलं. ही कारणं मी नंतर अनेकदा नीट लावून पाहिली. ती कुठल्याही फळीवर बसत नाहीत.

"तेलाचा, सर."

साहेब हसले. "बाई, तेलाला नोटीस कशी देणार? वरती माणूस द्यावा लागतो." मग त्यांनी मला कारभार समजावून सांगितला. कायम माणसाची चौकशी म्हणजे नोटीस, खुलासा, सुनावणी, वर्षं जातात. रोजंदारीच्या माणसाला फक्त उद्यापासून येऊ नको म्हणायचं असतं. त्यांनी यादीतल्या तिसऱ्या नावावर आडवी रेघ मारली आणि माझं टिपण फाइलला लावलं. त्यावर शेरा दिला: वाचले, सहमत.

दुसऱ्या दिवशी युसूफमियाँ आपले पान्हे पिशवीत भरायला आले. त्यांच्याकडे माझ्या भांडारातला सरकारी पान्हा एक होता, तो त्यांनी परत दिला, वहीत सही केली आणि आपली पिशवी उघडून पुढे केली. "गिन लो, बाई." मी मोजले. मी काय करत होते ते मला कळत होतं, तरीही मोजले.

मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी मराठीत अर्ज लिहिला. साडेतीन ओळींचा. ब्रेक शूंना तेल लावण्याचा आदेश मी दिला. वासाबद्दल मेकॅनिकने विचारलं असता पुस्तक न बघता मी चुकीचं उत्तर दिलं. अपघाताला मी जबाबदार आहे, युसूफमियाँ नाहीत. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. साहेबांनी ही भाषा मात्र पहिल्या वाचनात समजून घेतली. ते लालबुंद झाले. यादी आदल्या दिवशी गेलेली होती. माझी रीतसर चौकशी झाली, वर्षं गेली, शेवटी एक ठपका आला. युसूफमियाँ कायम झाले नाहीत. त्यानंतर कुठल्याच यादीत त्यांचं नाव आलं नाही.

अर्जाची प्रत घेऊन मी नांदेडला गेले. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं. त्या रस्त्याला, ठेकेदारांची माणसं जातात तिथे, त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं दगडावर बसलेली. एक जण म्हणत होता, "ब्रेक सोडून बाकी सगळं कर, मिस्त्री. ब्रेकपायी तुला लातूरहून काढलं म्हणतेत."

मी कागद पुढे केला. युसूफमियाँना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. "पढके बताओ, बाई."

मी हळू आवाजात वाचलं.

"जरा जोर से. वो दोनों बैठे हैं, उनकू बी सुनने दो."

मी मोठ्याने वाचलं. दोघं उठून जवळ आले. एकाने विचारलं, "ही तेल लावणारी बाई कोन म्हणायची?" मी म्हणाले, मीच. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि युसूफमियाँना म्हणाला, "बरं, ब्रेक पन बघ मग."

मला वाटलं, झालं. पण थोड्या वेळाने तिसरं गिऱ्हाईक आलं. युसूफमियाँनी हातातला पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पढो." चौथं आलं तेव्हाही. त्यांनी मला चहा पाजला, खुर्ची दिली, पुसून दिली, आणि शेवटच्या बसपर्यंत पाच वेळा वाचायला लावलं. कपाळाला आठी नाही, आवाजात राग नाही. निघताना कागद मागितला, तर म्हणाले, "ये यहीच रहने दो." त्यांनी तो पंक्चरच्या सोल्युशनने पत्र्याच्या दारावर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा, चिकटवला.

लातूर-नांदेड बस तिथूनच जाते. त्यानंतर कैक वर्षं विष्णुपुरी आली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत असे. एकदा गर्दीत त्याच बाजूची जागा मिळाली. शेडचं आता पक्कं दुकान झालं होतं, पण दार पत्र्याचंच होतं आणि समोर सहा-सात गाड्या उभ्या होत्या. शेजारचा शेतकरी मला बघताना पाहून म्हणाला, "ब्रेकमधी ह्या मिस्त्रीचा हात कोनी धरत न्हाई, ताई. पर आदी दारावरला कागद दावतो."

"काय लिहिलंय त्यात?"

"मला कुठं वाचाया येतंय! मिस्त्रीच सांगतो. ब्रेकला तेल लावू नका, म्हनून एका मोठ्या इंजिनेर बाईनं सहीनिशी लिहून दिलंय."

"इंजिनिअर नव्हती ती," मी म्हणाले. "भांडारपाल होती. आणि तेल तिनेच लावलं होतं."

तो माझ्याकडे वळून नीट बघू लागला. मग मान हलवून म्हणाला, "न्हाई ताई. मिस्त्री तिचं नाव लई आदबीनं घेतो."